ब्रेकच्या चकतीला भोके पाडण्याआधी



जुन्या मोटरसायकलीला खेड्यात पुन्हा मान आला आहे. वडिलांच्या वेळची राजदूत, येझदी नाहीतर बुलेट गोठ्याच्या कडेला धूळ खात पडलेली असते. मुलगा ती बाहेर काढतो, गंज घासतो, रंग देतो, तालुक्याच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडून घेतो. यात वावगे काही नाही. जुने अवजार जपून वापरणे हा आपला गुणच आहे. काळजी वाटते ती पुढच्या हौसेची. गाडी ‘रेसिंगची’ दिसावी, हलकी पळावी म्हणून हल्ली ब्रेकच्या चकतीलाच भोके पाडून घेतात.

माझ्या पुतण्याने हेच केले. जुन्या गाडीचा पुढचा ड्रम काढून त्याने डिस्क बसवली. मग लेथवाल्याकडे नेऊन तिला आणखी साठ भोके पाडून आणली. तीन महिने गाडी झोकात चालली. एका बाजारच्या दिवशी आईला मागे बसवून येताना ब्रेकचा दांडा हाताला थरथरू लागला. घरी येऊन चाक धुतले, तेव्हा एका भोकापासून चकतीच्या कडेपर्यंत केसासारखा तडा गेलेला दिसला. वाटेत उतार होता आणि मागे माझी वहिनी बसली होती. त्या रात्री घरात कोणाला जेवण गेले नाही.

भोके आली कुठून?

डिस्क ब्रेकचे काम सोपे आहे. चाकाबरोबर पोलादी चकती फिरते. दांडा दाबला की तेलाच्या दाबाने दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. १९६९ साली जपानच्या होंडा कंपनीने सीबी ७५० ही गाडी काढली. तिच्या पुढच्या चाकाला अशी २९६ मिलिमीटर व्यासाची स्टेनलेस पोलादाची चकती होती, आणि तिच्यानंतर हा ब्रेक मोठ्या गाड्यांवर रुळला. आपल्याकडे तो उशिरा आला. यामाहाच्या मूळ आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, पण १९८३ साली इथे निघालेल्या राजदूत ३५० ला ड्रमच होता.

त्या काळच्या चकत्या जड व सपाट असत. पावसात त्यांच्यावर पाण्याचा पापुद्रा बसे, आणि दांडा दाबल्यावर ब्रेक क्षणभर उशिरा धरी. म्हणून परदेशातल्या शर्यतवाल्यांनी त्यांना भोके पाडली. पाणी आणि पॅडचा भुगा निघून जावा हा एक हेतू, वजन कमी व्हावे हा दुसरा. चाकावरचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके कमी, तितके चाक खाचखळग्यांतून रस्ता धरून चालते. शिवाय फिरणारी वस्तू हलकी असली की गाडी लवकर वेग घेते. म्हणजे कल्पना खोटी नाही. पण शर्यतवाला एकटा बसतो, शर्यत थोड्या वेळात संपते, चकती वरचेवर तपासली जाते आणि शंका आली की बदलली जाते. आपण तीच गाडी रोज, ओझ्यासह, वर्षानुवर्षे चालवतो.

हिशेब मांडून पाहा

पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादात आठ मिलिमीटरचे एक भोक पाडले, तर सुमारे दोन ग्रॅम धातू निघतो. साठ भोकांचे झाले १२० ग्रॅम. खिशातला मोबाईलही बहुधा याहून जड भरेल. त्याच गाडीवर आपण सकाळी दुधाचे दोन कॅन लावतो, त्यांचे वजन चाळीस किलो!

आता दुसरी बाजू बघा. ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. माणसांसह ३०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे २९ हजार ज्यूल उष्णता निघते. ती सगळी एक किलोच्या पोलादी चकतीत गेली, तर चकती एका थांब्यात ६० अंशांनी तापेल. घाटात असे थांबे लागोपाठ येतात. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. चकतीतला धातू कमी केला, की तीच उष्णता उरलेल्या धातूला जास्त तापवते.

आणि तडा का जातो? बैलाचे जू कुठे मोडते ते आठवा. ते बहुधा शिवळीच्या भोकाशीच मोडते. भोक पडले की सगळा ताण त्याच्या कडेशी गोळा होतो. चकती तर रोज तापते आणि निवते, डबक्यातून गेली तर एकदम निवते. भोके एकमेकांच्या फार जवळ असली, कडेला खेटून असली किंवा त्यांची धार मोडलेली नसली, तर तडा तिथूनच निघतो. बिडाची चकती तर पोलादापेक्षा ठिसूळ. कारखान्यात भोकांची जागा, अंतर आणि तोल ठरवून चकती बनते. लेथवाला कितीही कसबी असला, तरी हा हिशेब त्याच्याजवळ नसतो.

मग करावे काय?

घरी भोके पाडू नका. हलकी चकती हवीच असेल, तर आपल्या गाडीच्या मापाची, भोकांसह कारखान्यातच बनलेली घ्या.

चकतीवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. व्हर्नियरने जाडी मोजा. त्या आकड्याखाली गेलेली चकती बदला. महिन्यातून एकदा चाक धुऊन, उजेडात धरून प्रत्येक भोकाची कड पाहा. दांडा थरथरू लागला, तर त्याच दिवशी गाडी थांबवा.

टाकीच्या झाकणावर लिहिलेले, डॉट ३ किंवा डॉट ४ असे, तेच ब्रेकचे तेल घाला. ते हवेतली ओल शोषते. मग तापल्यावर त्यात वाफ धरते आणि दांडा पोकळ लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. घरात ट्रॅक्टरचे तेल उरले आहे म्हणून ते मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये कदापि ओतू नका. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक अडकतो.

ड्रमची गाडी असेल, तर हवा लागावी म्हणून ड्रमच्या झाकणाला भोके पाडू नका. आपल्या पाणंदीचा चिखल आणि धूळ आत जाऊन ड्रम चरचरीत कापला जाईल. जुन्या ब्रेकशूच्या व पॅडच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते फुप्फुसाला घातक आहे. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. हे काम करताना मुलांना जवळ येऊ देऊ नका.

गाडी हलकीच करायची, तर ओझ्यापासून सुरुवात करा. एक कॅन कमी न्या, दुसरी खेप करा.

पुतण्याने नवी चकती बसवली आहे. तडा गेलेली जुनी चकती त्याने पडवीत खुंटीला टांगून ठेवली आहे. गावातली मुले गाडीचे काही विचारायला आली, की तो आधी ती त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, “बोट फिरवून बघ.” तडा बोटाला लागतो. मग मुलेच पुढचे विचारतात.