जट झालेलं कुत्रं टेबलवर आलं, तर मशीनच्या आधी मालकाशी बोला



गेल्या व्हिडिओत मशीनच्या आवाजात माझं निम्मं बोलणं बुडालं, म्हणून इथे नीट लिहितोय. महिनोन्महिने न विंचरलेलं लांब केसांचं कुत्रं आलं, तर काय करायचं? नवीन ग्रूमर सगळ्यात जास्त इथेच चुकतात आणि पैसेही इथेच घालवतात.

शिह त्झू, ल्हासा यांचे केस गळतात, पण जमिनीवर फारसे पडत नाहीत. शेजारच्या लांब केसांत अडकून राहतात. त्यात घासणं आणि ओल आली की गुंता होतो. म्हणून जट आधी कुठे होते? गळपट्ट्याखाली, कानामागे, काखेत, जांघेत. पावसाळ्यात फिरून आल्यावर वरवर टॉवेल फिरवला की आतले गोळे आणखी घट्ट होतात. हे गोळे एकमेकांना जोडले गेले की कुत्र्याच्या अंगावर घोंगडीच तयार होते आणि प्रत्येक पावलाला ती कातडी ओढते. खाली हवा नाही, ओल तशीच. कातडी लाल होते, वास येतो, गोचीड लपतात, कधी जखमाही निघतात.

माझ्याकडे पुण्यात एक काका असाच ल्हासा घेऊन आले होते. "सगळं हीच बघायची," एवढंच म्हणाले. बाई जाऊन आठ महिने झाले होते. लांब केस तसेच ठेवून फक्त गुंता काढून द्या, असं त्यांचं म्हणणं, कारण बाईंना ते लांब केस आवडायचे. आता तुम्ही काय सांगाल?

मी आधी स्टीलचा कंगवा हातात घेतला. वरून हात फिरवला तर कुत्रं मऊ लागतं, त्यावर जाऊ नका. कंगवा मुळापर्यंत जातो का ते बघा. दोन-चार सुटे गोळे असतील तर बोटांनी फोडून, स्लिकर ब्रशने सोडवता येतात. पण कंगवा कातडीपर्यंत कुठेच पोचत नसेल, तर ते केस वाचवणं म्हणजे जिवंत जनावराला तासन् तास ओढणं. काकांचा हात धरून तो कंगवा अडकलेला त्यांना दाखवला. पुढे फार बोलावं लागलं नाही.

मालकाला ओरडू नका हं. लाज वाटत असतानाही तो आलाय, ओरडलात तर पुढच्या वेळी येणारच नाही. पण मशीन सुरू करण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि लिहून सही घ्या: केस अगदी बारीक होतील, खाली लाली किंवा जखम निघू शकते, आणि वेळेप्रमाणे पैसे जास्त लागतील. फोटो काढून ठेवा. फोनवर तर दर सांगूच नका. कुत्रं बघितल्याशिवाय सांगितलेला दर तुमच्याच अंगाशी येतो.

आता काम. आधी अंघोळ नाही. पाण्याने जट आवळते आणि मग मशीनही आत शिरत नाही. कात्री तर अजिबात नाही. गोळ्यात कातडी ओढली गेलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी एका कुत्र्याची काख अशीच कापली होती, टाके घालावे लागले. खर्च मी दिला, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही. बरोबरच केलं त्यांनी.

१० नंबरचं ब्लेड लावा, गार्ड न लावता. ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. जटेच्या वरून नाही, जट आणि कातडी यांच्या मधून, केसांच्या दिशेने, ब्लेड आडवं ठेवून हळू चालवा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा. ब्लेड दर थोड्या वेळाने मनगटाला लावून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतोय. कान शेवटी करा आणि घाई करू नका. जड जट निघाल्यावर रक्तप्रवाह मोकळा होतो, कुत्रं कान जोरात झटकतं आणि पाळीत रक्त साठून ती फुगू शकते. घरी नेल्यावर लक्ष ठेवायला सांगा. अळ्या किंवा उघडी जखम दिसली, तर काम थांबवून सरळ डॉक्टरकडे पाठवा.

आणि हो, हे सगळं केस सतत वाढणाऱ्या जातींसाठी. पोमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर यांना खाली दाट आतला थर असतो. त्यांना असं सरसकट बारीक केलं तर केस पूर्वीसारखे परत येतीलच असं नाही. अगदी नाइलाज असेल तरच, आणि तेही मालकाला सांगून.

काकांच्या ल्हासाची घोंगडी जवळपास एका तुकड्यात निघाली. त्यांनी तिच्यातली एक बट मागून घेतली. कुत्रं टेबलवरून उतरलं आणि धावायलाच लागलं. पंधरा दिवस कडक उन्हात नेऊ नका, एवढं सांगितलं.

रोज विंचरणं काकांच्या हातून होणार नव्हतं, म्हणून केस कायम आखूडच ठेवायचे ठरवले. घरी आठवड्यातून दोनदा कंगवा, फक्त कानामागे आणि काखेत, आणि पाच आठवड्यांनी माझ्याकडे. पुढची तारीख त्यांनी निघायच्या आधीच वहीत लिहून घेतली. तुम्हीही तारीख दारातच ठरवा, नंतर फोन करतो म्हणणारा सहा महिन्यांनी जट घेऊनच येतो.