विश्लेषण : एआयच्या ‘आतल्या नकाशा’चा अर्थ कोण लावणार?

मोठ्या चित्राचे किंवा रेणूच्या रचनेचे मोजक्या संख्यांत रूपांतर करणारे ‘ऑटोएन्कोडर’ हे आजच्या अनेक एआय प्रणालींचा पाया आहेत. या संख्यांच्या अवकाशाला ‘लेटन्ट स्पेस’ म्हणतात. ते सलग करण्याचा मार्ग २०१३ मध्ये सापडला. मात्र सलग झालेले अवकाश माणसाला समजेलच असे नाही. असे का, आणि त्याने काय बिघडते?

ऑटोएन्कोडर म्हणजे काय?

ऑटोएन्कोडर हे दोन भागांचे न्यूरल नेटवर्क असते. ‘एन्कोडर’ माहिती आक्रसून थोड्या संख्यांत बसवतो, तर ‘डिकोडर’ त्या संख्यांवरून मूळ माहिती पुन्हा उभी करतो. जेफ्री हिंटन आणि रुस्लान सालाखुतदिनोव्ह यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाताने लिहिलेल्या आकड्यांवरील प्रयोग मांडला. प्रत्येक चित्रातील ७८४ पिक्सेलचे काम त्यांनी अवघ्या ३० संख्यांवर भागवले. या संख्या म्हणजे जणू नकाशावरचा पत्ता. सारख्या दिसणाऱ्या चित्रांचे पत्ते जवळजवळ यावेत, अशी अपेक्षा असते.

मग अडचण कुठे येते?

साध्या ऑटोएन्कोडरला फक्त मूळ चित्र परत मिळवायचे असते, नकाशा नीट आखण्याची सक्ती नसते. त्यामुळे त्यावर गावे असतात, पण गावांना जोडणारे रस्ते नसतात. ‘३’ आणि ‘८’ यांच्या पत्त्यांमधला बिंदू डिकोडरला दिला, तर बाहेर येणारे चित्र कोणताच आकडा नसण्याची शक्यता असते. नवे काही निर्माण करायचे असेल, तर असा नकाशा कुचकामी ठरतो.

सलगता कशी आणली गेली?

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील डिडेरिक किंगमा आणि मॅक्स वेलिंग यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये ‘व्हेरिएशनल ऑटोएन्कोडर’ (व्हीएई) मांडला. यात चित्राला एका बिंदूऐवजी छोटा ढग मिळतो. प्रशिक्षणात डिकोडरला त्या ढगातला कोणताही बिंदू दिला जातो आणि तरीही मूळ चित्राच्या जवळ जाणारे चित्र काढावे लागते. साहजिकच शेजारच्या बिंदूंचा अर्थही शेजारचाच ठरतो. सगळे ढग मध्याभोवती राहावेत आणि आकसून बिंदूएवढे होऊ नयेत, यासाठी वेगळा दंड लावला जातो. दंड कमी पडला तर मोकळ्या जागा राहतात, जास्त झाला तर चित्र धूसर होते.

याचा उपयोग कुठे झाला?

२०१८ मध्ये ‘एसीएस सेंट्रल सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात औषधांसारख्या सुमारे २ लाख ५० हजार रेणूंवर व्हीएई शिकवला गेला. सलग अवकाशात सरकत जाऊन हवे ते गुणधर्म असलेले नवे रेणू शोधता येतात, ही त्यामागची कल्पना होती. २०२२ मध्ये आलेले ‘स्टेबल डिफ्युजन’ही थेट पिक्सेलवर काम करत नाही. ५१२ × ५१२ च्या रंगीत चित्रातील ७,८६,४३२ संख्या ऑटोएन्कोडर १६,३८४ वर, म्हणजे ४८ व्या भागावर आणतो.

सलग नकाशा आपोआप समजतो का?

नाही. जुन्या टीव्हीचे एकच बटण फिरवल्यावर आवाज आणि रंग दोन्ही बदलू लागले तर जसा गोंधळ होईल, तसेच इथे घडते. एका संख्येत अनेक गुण मिसळलेले असतात. ‘डीपमाइंड’च्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘बीटा-व्हीएई’त वर सांगितलेला दंड वाढवून पाहिला. खुर्च्यांच्या चित्रांत दिशा, रुंदी आणि पायांची ठेवण वेगवेगळ्या संख्यांत उतरली. कोणी न शिकवता यंत्राने गुण सुटे केले, असे चित्र निर्माण झाले.

२०१९ मध्ये काय घडले?

फ्रान्चेस्को लोकातेल्लो आणि सहकाऱ्यांनी १२ हजारांहून अधिक मॉडेल प्रशिक्षित करून हा दावा तपासला. काही गृहीतके आधी मांडल्याशिवाय, केवळ नावे न दिलेल्या माहितीतून गुण खात्रीने सुटे करणे अशक्य आहे, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. नकाशा फिरवला तरी गावांमधील अंतरे बदलत नाहीत. त्यामुळे उत्तर दिशा कोणती, हे केवळ अंतरांवरून कळत नाही. मॉडेलच्या आखणीइतकाच, किंबहुना अधिक परिणाम प्रशिक्षणाच्या सुरुवातीचे यादृच्छिक आकडे आणि मापदंड यांचा होतो, असेही दिसले. या शोधनिबंधाला ‘आयसीएमएल’ परिषदेत सर्वोत्कृष्ट निबंधाचा मान मिळाला.

याने फरक काय पडतो?

समजा, छातीच्या एक्स-रेवर शिकलेल्या मॉडेलमधील एक संख्या आजाराची खूण मानली गेली, पण तिच्यात एक्स-रे यंत्राच्या प्रकाराचीही भेसळ होती. मग दुसऱ्या रुग्णालयात यंत्र बदलताच निदान चुकेल आणि नकाशा सलग असल्याने चूक लक्षातही येणार नाही. त्यामुळे आता थोड्या नमुन्यांना माणसाने नावे देणे किंवा मोजकेच गुण बदललेल्या चित्रांच्या जोड्या दाखवणे, असे उपाय वापरले जातात. एकच संख्या हलवून नेमके काय बदलते, याची तपासणीही आवश्यक ठरते. रस्ते यंत्राला आखता येतात. दिशांना नावे देण्यासाठी मात्र अजूनही त्या विषयाचा जाणकार माणूस लागतो.