विश्लेषण : जातीचा घाव ओळखणारा समुपदेशक कुठे शोधायचा?

मानसिक आरोग्यसेवा हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि ती देताना जातीवरून भेदभाव करता येत नाही. तरीही पुण्यासारख्या शहरात दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजातील माणसाला योग्य मदत सहज सापडत नाही. असे का होते? मदत कुठे मिळते आणि ती निवडताना काय पाहावे?

अडचण नेमकी कुठे आहे?

समजा, मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलेला एक विद्यार्थी समुपदेशकाकडे गेला. झोप लागत नाही, जेवण जात नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही, अशी त्याची तक्रार आहे. बोलता बोलता त्याने खोली शोधताना आडनावावरून झालेली चौकशी सांगितली. ‘तुझं काय, तुला कटऑफ कमी’ हा अभ्यासिकेतला रोजचा टोमणाही सांगितला. त्यावर समोरून उत्तर आले, ‘तू फार मनाला लावून घेतोस.’ हा विद्यार्थी पुन्हा तिथे जाण्याची शक्यता कमीच.

पैशांची अडचण आहेच. खासगी समुपदेशनाच्या एका सत्राचे शुल्क अनेकदा हजार रुपयांच्या पुढे जाते आणि एका सत्रात भागत नाही. घरकाम करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या व्यक्तीला दवाखान्यासाठी खाडा करावा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यात ‘येरवड्याला पाठवा’ ही पुण्यातली जुनी थट्टा. वस्तीत कुणाला कळले तर काय, ही भीती दारापर्यंत पोहोचूच देत नाही. हे सारे अडथळे ओलांडून आलेल्या माणसाचा अपमानाचा अनुभवच समोरच्याला कळला नाही, तर आधीची सगळी धडपड वाया जाते.

जातीचा आणि मानसिक त्रासाचा संबंध आहे का?

आशिष गुप्ता आणि डायन कॉफी या संशोधकांचा याविषयीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या सर्वेक्षणातील २००७-०८ ची माहिती त्यांनी वापरली. हे सर्वेक्षण महाराष्ट्रासह सहा राज्यांत झाले होते. लोकांनी स्वतः सांगितलेल्या उदासी आणि चिंतेच्या लक्षणांचे प्रमाण उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा अनुसूचित जाती आणि मुस्लिमांमध्ये जास्त आढळले. शिक्षण आणि आर्थिक स्थितीतील फरक हिशेबात धरल्यानंतरही ही दरी पूर्णपणे बुजली नाही. म्हणजे गरिबी हे एक कारण आहे, पण सगळा त्रास गरिबीच्या खात्यावर टाकता येत नाही.

सेवेचा तुटवडा किती?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे त्यात दिसले. या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. देशात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. किमान तीन असावेत, अशी अपेक्षा आहे. जे आहेत ते प्रामुख्याने शहरांत आणि त्यातही खासगी सेवेत आहेत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी काय केले?

हीच अडचण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसमोर होती. वर्णद्वेषातून आलेला ताण गोऱ्या मानसशास्त्रज्ञांना उमगत नाही, या जाणिवेतून कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये स्वतःची संघटना स्थापन केली. पुढे इंटरनेट आल्यावर समाजाला समजून घेणाऱ्या थेरपिस्टच्या याद्या तयार झाल्या. डॉ. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ हा त्यातला गाजलेला उपक्रम.

महाराष्ट्राला ही तुलना नवी नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र भारतात अशी सुरुवात उशिरा झाली. दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेला ‘द ब्लू डॉन’ हा गट बहुजन समाजातील व्यक्तींना जातिभान असलेल्या थेरपिस्टपर्यंत पोहोचवण्याचे काम करतो.

कायदा काय हक्क देतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारच्या पैशांवर चालणाऱ्या केंद्रांतून परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि जवळ मिळणारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. लिंग, धर्म, जात, वर्ग अशा कोणत्याही कारणावरून भेदभाव करता येत नाही. ही सेवा रुग्णाला आणि कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशा पद्धतीने दिली पाहिजे, असेही हे कलम सांगते.

दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला या केंद्रांत उपचार मोफत मिळायला हवेत. त्यासाठी हातात दारिद्र्यरेषेचे कार्ड असलेच पाहिजे, अशी अट नाही. आजाराची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. सेवेत त्रुटी असेल तर केंद्राच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि तिथे समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. या कायद्याखालील हक्कांसाठी मोफत कायदेशीर मदतीचीही तरतूद आहे.

पुण्यात मदत कुठे मिळते?

पहिला सोपा मार्ग म्हणजे ‘टेलिमानस’. १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली.

प्रत्यक्ष तपासणीसाठी ससून सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येते. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्याच्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही इतर तीन ठिकाणे. तिथे गेले की दाखलच करून घेतात, हा समज चुकीचा आहे. बाह्यरुग्ण विभागातून औषध घेऊन घरी परतणारे रुग्णही बरेच असतात.

व्यसनाचा प्रश्न असेल तर डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. वस्तीपातळीवर भार्गवी दावर यांनी स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने ‘सेहेर’ हा उपक्रम उभा केला. कार्यकर्ते घरी जाऊन बोलतात, आहाराकडे लक्ष देतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार जोडून देतात, अशी त्याची पद्धत. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिकमधील पेठ या आदिवासीबहुल तालुक्यात ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला. त्यात गावातल्याच लोकांना ऐकून घेण्याचे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ओळखीच्या माणसापाशी मन मोकळे होते, हा या दोन्ही कामांचा धागा.

समुपदेशक निवडताना काय विचारावे?

आधी पात्रता पाहावी. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र कमी-अधिक प्रशिक्षण घेतलेले अनेक जण वापरतात. त्यामुळे पदवी, प्रशिक्षण आणि अनुभव विचारण्यात संकोच नको.

त्यानंतर पहिल्या फोनवर किंवा भेटीत काही गोष्टी थेट विचाराव्यात. जातीय भेदभावाचा अनुभव आलेल्या लोकांसोबत काम केले आहे का? शुल्कात सवलत आहे का? रविवारी, संध्याकाळी किंवा फोनवर वेळ मिळेल का? तुमच्या बोलीत बोललेले चालेल का? आपले अनुभव सांगितल्यावर समोरची व्यक्ती आरक्षणावर वाद घालू लागली, आडनाव खोदून विचारू लागली किंवा ‘आता कुठे जात राहिली’ असे म्हणाली, तर दुसरा समुपदेशक शोधावा. असे बदलणे म्हणजे उपचार सोडणे नाही. औषधे सुरू असतील तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

समुपदेशक आपल्याच समाजाचा हवा का? तसा मिळाला तर अनेकांना बोलणे सोपे जाते. पण अशा तज्ज्ञांची संख्या कमी आहे. ऐकून घेणारा आणि आपल्याला माहीत नसलेले मान्य करणारा तज्ज्ञ दुसऱ्या समाजाचा असला तरी उपयोगी पडतो.

समुपदेशन पुरेसे आहे का?

छळ सुरूच असेल तर नाही. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या माता राधिका वेमुला आणि आबेदा तडवी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांमधील जातीय भेदभाव रोखण्याच्या नियमांची नीट अंमलबजावणी व्हावी, ही त्यांची मागणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीने महाविद्यालयांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याची तरतूद केली होती. आपल्या महाविद्यालयात हा कक्ष कुठे आहे, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवावे. उपचार आणि तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र आधी १४४१६ वर फोन करावा किंवा जवळच्या माणसाला सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.