अंधारातून दशावताराकडे

2000 साली साहिल मखिजाने मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड उभा केला, तेव्हा कॉलेजांच्या स्पर्धांत परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्या पोरांचा दबदबा होता. स्वतःची गाणी, तीही घशातून खरवडून काढलेल्या आवाजात, आणि मागे ऑर्केस्ट्रासारखा घुमणारा की-बोर्ड! असलं ऐकायची फार कुणाची तयारी नव्हती. त्याच वर्षी ‘डेमॉनस्टीलर’ हा पहिला अल्बम आला. तिथपासून 2017च्या ‘दशावतार’पर्यंतचं सगळं मी अलीकडे ओळीने पुन्हा ऐकलं. या बँडने आपल्या संगीतातून एकेक गोष्ट काढत नेली, आणि दर खेपेला तो जास्त भारदस्त झाला, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्या काळातलं रॉकचं माहेरघर म्हणजे धोबी तलावाचं रंगभवन. तिथे भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाची सुरुवात 1986ची. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातले कार्यक्रम थांबले आणि हे संगीत उपनगरांच्या आश्रयाला आलं. जुहूचा ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ क्लब, पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोतली ‘लाइव्हवायर’ स्पर्धा, नंतर अंधेरीचं ‘बी-69’. मुलुंड-बोरिवलीची मुलं गिटार पाठीला लावून लोकलने यायची आणि कार्यक्रम संपायच्या आधीच शेवटच्या गाडीचा हिशेब मांडायची. अशा बसक्या छताच्या जागांत की-बोर्डचे थर, दोन गिटार आणि दोन्ही पायांनी बडवलेला बास ड्रम यांचा पार चिखल व्हायचा. रेकॉर्डवर जे भव्य वाटे, त्यातलं निम्मं प्रत्यक्षात कानापर्यंत पोचायचंच नाही.

‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (2005), ‘बियाँड द डार्कनेस’ (2007) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (2010) ही त्यांची अंधाराची त्रयी. पहिल्या भागात सगळं काठोकाठ भरलेलं आहे. गुरगुराट आणि सरळ गायन आलटून पालटून येतं, की-बोर्ड तर क्षणभर गप्प बसत नाही. तिसऱ्यापर्यंत गिटार पुढे सरकली आणि ड्रमना मोकळी जागा मिळाली. मधल्या काळात मुंबईही बदलली होती. 1 फेब्रुवारी 2008 रोजी ‘आयर्न मेडन’ने आपल्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात केला. एवढी दणदणीत, तरीही शब्द न् शब्द ऐकू येणारी ध्वनियंत्रणा इथल्या मुलांना घराजवळ ऐकायला मिळाली. 2010 साली ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ला लंडनमध्ये ‘मेटल हॅमर’ मासिकाचं ‘गोल्डन गॉड्स’ पारितोषिक मिळालं आणि ‘कँडललाइट’ या ब्रिटिश कंपनीने त्यांचा अल्बम जगभर नेला.

इथे मला जर्मनीतल्या क्रेफेल्डचा ‘ब्लाइंड गार्डियन’ हा बँड आठवतो. 1988च्या पहिल्या अल्बममध्ये भर वेगावर होता. 1998चा ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ हा सबंध अल्बम टॉल्किनच्या पुराणकथांवर, आवाजावर आवाज चढवून रचलेल्या समूहस्वरांत उभा राहिला. 2002च्या अल्बममध्ये एक गाणं चौदा मिनिटांपर्यंत गेलं. 2019मध्ये तर त्यांनी गिटार-ड्रम बाजूला ठेवून सबंध अल्बम ऑर्केस्ट्राच्या हवाली केला, आणि 2022च्या ‘द गॉड मशीन’मध्ये पुन्हा जुन्या धारेवर आले. त्यांना तिथवर यायला चौतीस वर्षं लागली. मुंबईकर त्या मानाने लवकर सावध झाले.

‘द डेमन किंग’ (2014) ही सैतानी राजाची कल्पित कथा. तिच्यात धार आहे, पण जग अजून उसनं वाटतं. ‘दशावतार’मध्ये मात्र मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी. तोवर बँडमध्ये कायमचा की-बोर्डवादक उरला नव्हता. मखिजा, निशिथ हेगडे, अश्विन श्रियान आणि वीरेंद्र कैथ, एवढे चौघेच. मोकळ्या झालेल्या जागेत भारतीय वाद्यांचे सूर आले आणि ते वरून चिकटवल्यासारखे वाटत नाहीत. ज्यांनी लहानपणी तळकोकणातला दशावताराचा खेळ रात्रभर जागून पाहिला आहे, त्यांना नरसिंहाच्या प्रवेशाला गडगडाटच हवा हे सांगावं लागत नाही. नववं गाणं बुद्धावर आहे. आपल्याकडे जुन्या पंचांगांत त्या जागी विठ्ठल उभा असतो. त्या विठ्ठलाला अशा गिटारी कशा मानवल्या असत्या, हे ऐकायला मला मनापासून आवडलं असतं.

त्यानंतर मखिजाचा भर ‘डेमॉनस्टीलर’ या एकट्याच्या नावावर दिसला. 2023च्या ‘द प्रोपगंडा मशीन’मध्ये राक्षस नाहीत, अवतार नाहीत, खोट्या बातम्या आणि द्वेषाचा प्रचार आहे.