पत्त्यांतून पाढे

धाकटीला यंदा घरीच शिकवतेय. सातचा पाढा आला की तिचे डोळे भरून यायचे. मग जुन्या लग्नपत्रिका कापून ४० पत्ते केले : १ ते १०, प्रत्येक आकडा चारदा. दादीअम्मा रागावल्या, "घरात पत्ते? जुगाराची सवय लागेल!" त्यांची काळजी रास्तच होती. म्हणून नियम ठरला : पैज नाही, पैसा नाही, अजान झाली की डाव बंद.

खेळ सोपा आहे. दोघांनी एकेक पत्ता उघडायचा. गुणाकार जो आधी सांगेल, त्याला दोन्ही पत्ते. दहापर्यंतच्या पाढ्यांत १०० गुणाकार दिसतात. पण ६ × ७ आणि ७ × ६ एकच, म्हणून उरतात ५५. त्यांतले १, २, ५ किंवा १० असलेले सोपे वगळा, राहतात फक्त २१! हे कळल्यावर तिची भीती ओसरली. चुकलेली जोडी बाजूला ठेवा, शेवटी पुन्हा विचारा. रागावू मात्र नका.

परवा सात आणि आठ निघाले. धाकटी बोटे मोजत होती, तोवर दादीअम्मा म्हणाल्या, "छप्पन्न!" आता रोज पत्ते त्याच पिसतात.