चिकातलं कॅल्शियम आणि गोठ्यातलं गणित

परवा शेजारच्या गोठ्यातली संकरित गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. मान पोटाकडे वळलेली, कान गार. दुग्धज्वर! डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं, तेव्हा उभी राहिली.

यामागचं गणित मला फार आवडतं. गाईच्या रक्तद्रवात कॅल्शियम जेमतेम 3 ग्रॅम. 10 लिटर चिकातून जातं 20 ग्रॅमच्या वर! भरपाई आतडी आणि हाडं करतात, पण त्यांना वेग घ्यायला एक-दोन दिवस लागतात. ही आवक, जावक आणि मधला उशीर समीकरणांत मांडला की रक्तातली पातळी कधी घसरेल याचा अंदाज येतो.

दुसरं समीकरण चाऱ्याचं: (सोडियम + पोटॅशियम) − (क्लोरीन + गंधक), सगळं मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. उत्तर फार मोठं आलं की रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनला शरीर नीट दाद देत नाही.

म्हणून विण्याआधीचे तीन आठवडे पोटॅशियमयुक्त लसूणघास आवरा. मॅग्नेशियम कमी पडू देऊ नका, त्याच्याकडे फारच दुर्लक्ष होतं. हे उत्तर खाली आणणारे ॲनायनिक (क्लोरीन-गंधकाचे) क्षार मात्र पशुवैद्यांना विचारूनच.

तुम्ही गाभण गाईंना काय चारता? कमेंटमध्ये लिहा, मिळून हिशेब मांडू.