पत्राखालचं नाव

दुपारची कामं आवरून जरा पाठ टेकावी म्हणत होते, तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक सून दोनशे पानी वही घेऊन आली. वहीत काय नव्हतं! कविता, लोणंदला माऊलींची पालखी मुक्कामाला येते त्या दिवसांचं वर्णन, आजीच्या हातच्या पदार्थांच्या आठवणी, सासर-माहेरवर एक लांबलचक लेख. अक्षर अगदी मोत्यासारखं. वर्षभरात सात-आठ लेख वेगवेगळ्या पेपरांना पाठवले, म्हणाली, पण एकाचंही उत्तर नाही.

"काकू, माझं कुणी वाचतच नाही हो!" आणि डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

मी विचारलं, "तू कुणाचं वाचतेस?"

ती गोंधळली. "म्हणजे? पेपर येतो की घरी. पुरवणी वाचते मी सगळी."

"आणि वाचून झाल्यावर काय करतेस?"

"फळीवर अंथरते."

मैत्रिणींनो, हसू नका. आपल्या सगळ्यांच्या घरात पुरवणीची गत तीच होते. पण ज्या बाईने तो लेख लिहिला, तीही कुठेतरी बसून हेच म्हणत असते, की माझं कुणी वाचतं की नाही कोण जाणे. आपण तिला दोन ओळी कधी लिहिल्यात? आपलं वाचावं असं वाटत असेल तर आधी दुसरीच्या लिहिण्याला उत्तर द्यायला शिकावं, असं माझं मत आहे. हळदीकुंकवाला आपण कुणाकडे गेलोच नाही, तर आपल्याकडे कोण येणार?

तिला ते पटलं नाही. लेख लिहिणारीने पत्र लिहायचं म्हणजे तिला एक पायरी खाली उतरल्यासारखं वाटलं. पण दिवाळीनंतर एक गंमत झाली. एका पुरवणीत घरखर्चाच्या बचतीवर लेख आला. त्यात सल्ला होता, सध्या बाजारात नवा कांदा येतोय, तेव्हा वर्षाचा कांदा आत्ताच भरून ठेवा. ही वाचून उसळलीच. लोणंदचा कांद्याचा बाजार सगळ्यांना माहीत आहे आणि हिच्या सासऱ्यांचा तर जन्म त्या बाजारात गेलेला. मला म्हणाली, "काकू, हळवा कांदा कुणी भरून ठेवतं का? शहरातल्या बायका फसतील की!"

"मग लिही तेवढंच," म्हटलं.

तिने लिहिलं. पुरतं शंभर शब्दांचंही पत्र नव्हतं. हिवाळ्याच्या तोंडाला येतो तो हळवा कांदा, त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, संक्रांतीच्या सुमाराला त्याला कोंब फुटतात. साठवायचा तो गरवा, उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारा. घेताना मान सुकून बारीक झालेली बघावी, जाड मानेचा कांदा आधी सडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, बटाट्याशेजारी ठेवू नये, खालून वारा लागेल असा पसरून ठेवावा. चाळीत कांदा ठेवतात तो याच कारणाने जमिनीपासून उचलून ठेवतात. बस्स, एवढंच.

आठवड्याभरात पत्र छापून आलं. खाली नाव होतं 'एक गृहिणी, लोणंद'.

त्यामागेही कारण होतं. नवऱ्याने आधीच सांगितलेलं, "लिही काय ते, पण नाव नको. नाव दिलंस की लोक नावं ठेवतील."

मग संक्रांत आली. एका घरी हळदीकुंकवाला आम्ही दहा-बाराजणी बसलो होतो. एक बाई सांगायला लागल्या, की घरात भरून ठेवलेल्या कांद्याला कसे हिरवे कोंब आलेत. दुसरी म्हणाली, "अहो, पेपरात आलं होतं ना ते! लोणंदच्याच कुणीतरी बाईने लिहिलं होतं. मी कात्रण ठेवलंय." तिसरी म्हणाली, बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्यानेच बाईच्या नावाने लिहिलं असणार, बायकांना एवढं कुठलं कळतंय! आणि आमची सूनबाई हातात तिळगूळ धरून गप्प बसलेली. तोंडाशी आलेलं गिळत होती बिचारी. घरी जाताना वाटेत एकच वाक्य बोलली, "माझं वाचलं सगळ्यांनी, पण मला नाही वाचलं."

हे नाव लपवायचं प्रकरण आजचं नाही. १८८५ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात दोन पत्रं आली, एक जूनमध्ये बालविवाहावर आणि एक सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर. खाली सही 'एक हिंदू स्त्री'. पत्रं इंग्रजीत होती आणि त्यांवर केवढी चर्चा झाली! लिहिणारी होती वीस-एकवीस वर्षांची रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला ती तयार नव्हती, आणि नवरा कोर्टात गेला होता. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ही म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली. निनावी पत्रांचं धनीपण शेवटी त्यांच्याच पदरात आलं. पण पहिल्यांदा लिहिताना नाव घालायची सोय नव्हती, हेही खरंच.

त्याच्या आधी तीन वर्षं, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी उलटं केलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला, त्यानिमित्ताने पुण्याच्या एका वर्तमानपत्राने समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांचं उत्तर पत्रात मावणारं नव्हतं, त्याचं पुस्तकच झालं, 'स्त्रीपुरुषतुलना', आणि त्यावर नाव स्वतःचं. जोतिबा फुल्यांनी १८८५ मध्ये त्यांची बाजू घेतली. पण नंतर ते पुस्तक असं दिसेनासं झालं, की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे ते सगळ्यांच्या हाती आलं. एवढं चोख उत्तर, आणि वाचणाऱ्यांची वाट बघत नव्वदाच्या वर वर्षं!

आणि आपल्या खंडाळा तालुक्यातलंच सांगायचं तर नायगाव. सावित्रीबाईंचं माहेर. १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे त्या नायगावला होत्या. भाऊ म्हणाला, तू आणि तुझा नवरा महार-मांगांसाठी जे करता त्याने आपल्या कुळाला बट्टा लागतो. सावित्रीबाईंनी त्याला काय उत्तर दिलं, ते त्यांनी जोतिबांना पत्रात सविस्तर कळवलं. माहेरात, आजारी असताना, सख्ख्या भावाला उत्तर द्यायचं! मी ही गोष्ट सूनबाईला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नायगाव तिच्या रोजच्या ऐकण्यातलं गाव, पण असं तिने ते कधी ऐकलं नव्हतं.

पुढचं पत्र तिने पूर्ण नावानिशी पाठवलं. विषय साधाच होता, गावाकडच्या मुलींच्या एसटी पासाबद्दलच्या एका लेखावर. छापून आलं त्या दिवशी सकाळीच सासऱ्यांना चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "काय, तुमची सून पेपरात लिहिती म्हणं?" मामा घरी आले. जेवायला बसले. ही भाकरी वाढताना थरथरतेय. निम्मं जेवण झाल्यावर मामा म्हणाले, "आडनावाची वेलांटी चुकवलीय त्यांनी. कळव त्यांना."

नवरा मात्र पंधरा दिवस घुश्शात होता, ते काही मी लपवत नाही.

आता जिला लिहावंसं वाटतंय तिच्यासाठी थोडं कामाचं. पत्र लेख आल्यावर एक-दोन दिवसांत गेलं पाहिजे, शिळं पत्र कुणी छापत नाही. कुठल्या तारखेचा, कुठला लेख ते पहिल्याच ओळीत लिहावं. मुद्दा एकच धरावा. 'लेख फार आवडला, डोळ्यांत पाणी आलं' एवढ्यावर थांबू नये. अशी पत्रं ढिगाने येतात आणि त्यांतून लिहिणारी कोण ते काही कळत नाही. आपल्या घरातलं, शेतातलं, दुकानातलं, लेखिकेला ठाऊक नसलेलं काहीतरी द्यावं. चूक दाखवायची तर दाखवावी, पण जाऊबाईला टोमणा मारल्यासारखी नको. माझ्या ओळखीच्या एकीने चांगल्या पत्राच्या शेवटी आपल्या मसाल्याचा भाव आणि फोन नंबर घातला. पत्र छापलं, ती ओळ कापली. बरोबरच केलं. मसाला खरंच चांगला होता, पण पाहुणी म्हणून गेल्यावर दारातच पिशवी उघडून बसायचं नसतं. एकच पत्र पाच पेपरांना पाठवू नये. आणि नाव छापायला अडचण असेल तर 'नाव प्रसिद्ध करू नये' असं वर स्पष्ट लिहावं, पण संपादकांसाठी नाव-गाव-फोन द्यावाच. आता ई-मेल आहे, मोबाईलवर मराठी टाईप होतं, पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचंही कारण उरलेलं नाही.

तरी पोस्टकार्डाची मजा निराळीच बाई! एसटीच्या पत्रानंतर सूनबाईला पेपरच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक कार्ड आलं, आटपाडीकडच्या एका बाईंचं. पन्नास पैशांच्या त्या कार्डावर मुंगीसारख्या अक्षरात त्यांनी आपल्या मुलीच्या पासाची सगळी हकिगत लिहिली होती. हिने उत्तर दिलं. मग विट्याहून एक आलं, कोरेगावहून एक. आज आठ-दहाजणी झाल्यात अशा. यंदा तिचा पालखीवरचा लेख, तोच वहीतला, निम्मा करून छापून आला, तेव्हा त्याच बायकांनी त्या पुरवणीला पत्रं धाडली. एक वाचक दुसऱ्या वाचकाला बरोबर घेऊन येतो म्हणतात ना, तसं.

आपल्याकडे हे नवं नाहीच. लोणंद स्टेशनवर मिरजेकडच्या गाडीत बसलं की त्याच रुळांवर किर्लोस्करवाडी लागते. औंध संस्थानातल्या माळावर १९१० मध्ये वसलेलं हे कारखान्याचं गाव. नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते आपल्या मालाची खबर लोकांना द्यायला. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक घडवलं, नव्या माणसांना लिहितं केलं, आणि १९३० मध्ये त्याच आडगावातून 'स्त्री' सुरू झालं. पुणं-मुंबई दूर राहिली आणि नांगराच्या गावाहून निघालेलं मासिक माजघरात जाऊन पोचलं! विद्या बाळ १९६४ मध्ये त्याच 'स्त्री'त कामाला लागल्या, पुढे संपादक झाल्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. नावातच बघा, एकटीचं काही नाही.

परवा सूनबाई पुन्हा आली. हातात कार्ड होतं. आटपाडीच्या बाईंनी विचारलंय, गरवा कांदा श्रावणापर्यंत टिकतो, पण मधल्या पावसाळी हवेत खालचा थर भिजट होतो, त्याला काय करावं? हिला नक्की सांगता येईना. मग मामांना विचारलं. मामा ओसरीवर बसून सांगत गेले, थर वीतभराहून फार वर चढवू नको म्हणावं, आठवड्याला हात फिरव, नासका दिसला की लगेच काढ, आणि ही मांडीवर पाट घेऊन लिहून घेत होती. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मधेच म्हणाला, "वारा लागायचा तर पश्चिमेची खिडकी मोकळी ठेवायला सांग."

तेही तिने लिहिलं. शेवटी सही करताना पेन थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, माहेरचं आडनावही घालू का?"